समुद्रकाठच्या पार्कातली राजकन्या

आई,

रविवारी मी त्या म्युझियममध्ये जाऊन आले. तुम्ही सांगितलेलं काम करायला. एक वर्ष आणि दोन महिने उशीर झाला. तुम्हाला जाऊन रविवारी बावीस दिवस झाले होते. आलेले पाहुणे आपापल्या गावी परतले, तुमचा नितीन ऑफिसला जायला लागला, ओळखीच्या लोकांनी आणून दिलेले डबे धुऊन परत गेले. घर शांत झालं आणि मला ते काम आठवलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला तसं सांगण्यात अर्थ नाही. मी ते विसरलेच नव्हते.

गेल्या ऑगस्टमधला तो दिवस तुम्हाला आठवत असणार. दर उन्हाळ्यात एकदा तरी आपण शोरला, इथल्या समुद्रकिनाऱ्यावर, जायचोच. वेस्ट विंडसरहून तासाभराचा रस्ता, पण तुमची तयारी आदल्या दिवसापासून. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. नितीन म्हणायचा, "आई, तिथे पिझ्झा मिळतो." तुम्ही म्हणायचात, "मग तू खा की." साडी, खाली माझे जुने स्नीकर्स आणि पांढरे मोजे. मला आधी त्याचा संकोच वाटायचा, मग सवय झाली. तिथे पोचलं की तुम्ही घडीची खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडायचात. पहिल्या वर्षी मी ती फिरवून ठेवली, तर तुम्ही पुन्हा उलटी केलीत. "समुद्र काय, तसाच असतो. माणसं बघू दे," म्हणालात. मग त्या लाकडी फळ्यांच्या बोर्डवॉकवरून जाणारी माणसं तुम्ही दिवसभर बघत बसायचात. कुणाचा फ्रॉक कसा शिवलाय, कुणाची बाही कशी चुकलीय. फलटणच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेली बाई, दुसरं काय बघणार?

त्या दिवशी ऊन फार होतं. तुमच्या नातीचं, ईराचं, डोकं दुखायला लागलं म्हणून आपण सावली शोधत त्या गोल इमारतीत शिरलो. बाहेर पाटी होती, आत एसी होता आणि तिकीट नव्हतं. नितीन गाडीत झोपला होता. दारातच डोना बसली होती. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर स्कूलबस चालवलेली, आता शनिवार-रविवार फुकट काम करणारी बाई. या जागी पूर्वी लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड फिरायचं, हे तिनंच सांगितलं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे मोठं पार्क होतं. ट्रॉली, म्हणजे विजेवरची ट्राम, चालवणाऱ्या कंपनीनं ते बांधलं, कारण रविवारी ट्रॉल्या रिकाम्या धावायच्या. लोकांना जायला काहीतरी ठिकाण हवं. मग मनोरा आला, त्याला हजारो दिवे लावले. ज्यांच्या घरी वीज नव्हती अशी माणसं नुसते दिवे बघायला यायची. समुद्रात उतरायला लोकरीचे पोशाख भाड्यानं मिळायचे. उंच लाकडी रुळांवरून खेळाच्या गाड्या सुसाट खाली यायच्या आणि बायका किंचाळायच्या. एका वादळी दुपारी आग लागली आणि संध्याकाळपर्यंत ही एक इमारत सोडून सगळं गेलं.

तुम्ही ईराला मध्ये घालून डोनाला प्रश्न विचारत होतात. ते लोकरीचे पोशाख वाळवायचे कुठे? एवढ्या दिव्यांचे गोळे फुटले की बदलायचं कोण? डोना खूश झाली होती. मला म्हणाली, इतकी वर्षं बसतेय, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "जत्राच की गं ही. आमच्याकडं पाळणे असायचे, ह्यांच्याकडं दिवे." तुमचा चेहरा तेव्हा किती मोकळा झाला होता. बाबा गेल्यावर तुम्ही इकडे आलात त्याला सहा वर्षं होत आली होती. एवढ्या काळात या देशातली एखादी गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटलेली मी पहिल्यांदा बघत होते.

मग तो फोटो दिसला. मागच्या भिंतीवर, डाव्या हाताला. दोन बाजूंना कैचीसारखे बांबू रोवलेले, मध्ये ताणलेला दोर, दोरावर एक बाई. हातात आडवी काठी. मागे मनोरा आणि समुद्र. खाली कोट-फेटा घातलेला एक माणूस ढोलकं वाजवतोय. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, हिंदू राजकन्या दोरावरून चालताना.

तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा लावलात. "प्रिन्सेस म्हणजे राजकन्याच ना?" तुम्ही ईराला विचारलंत. तिनं मान हलवली.

"ही कसली राजकन्या," तुम्ही म्हणालात. "चौकडीचं लुगडं आहे. कासोटा बघ कसा मारलाय, गुडघ्याच्या वर घेऊन, पदर कमरेला आवळून. आपल्याकडची आहे ही. डोंबारीण आहे."

डोनानं मला विचारलं, त्या काय म्हणतायत? मी म्हणाले, त्यांना फोटो आवडला.

आई, पहिली चूक ती.

परत येताना मी गाडी चालवत होते, तुम्ही शेजारी, नितीन आणि ईरा मागे. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांगायला पायजे. खाली खोटं लिहिलंय." मी म्हणाले, फोटो इतका जुना आहे, आता कुणाला काय फरक पडतो. तुम्ही म्हणालात, "मला पडतो." मग मी म्हणाले की डोंबारी हा शब्द इंग्रजीत कसा सांगायचा, त्यांना जात समजवायची का, तुम्हाला तरी खात्री आहे का. आणि लोकांना राजकन्या वाटतेय तर वाटू दे, त्यात तिचा मानच आहे.

तुम्ही माझ्याकडे वळलात. मग विचारलंत, "मेधा, तुला लाज कशाची वाटती? ती डोंबारीण होती याची, का मी तिला ओळखली याची?"

मला राग आला. नितीन मागून म्हणाला, "आई, जाऊ दे ना यार." आईला यार म्हणणारा मुलगा, एरवी तुम्ही हसला असतात. त्या दिवशी हसला नाहीत.

"शाळेत माझा फोटो काढला होता," तुम्ही म्हणालात, "त्याच्याखाली काय लिहिलं होतं?"

ईराच्या शाळेतली इंटरनॅशनल नाइट. मीच तुम्हाला नऊवारी नेसवून भारताच्या टेबलामागे बसवलं होतं, समोर रांगोळीचे रंग ठेवले होते. दोन तास लोक येत होते, तुमच्याबरोबर फोटो काढून घेत होते. शाळेच्या पत्रकात तुमचा फोटो आला तेव्हा मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

"भारतातून आलेल्या आजी," मी म्हणाले. "छानच लिहिलं होतं."

"नाव नव्हतं."

"आई, एवढ्या लोकांची नावं कशी घालणार?"

"शेजारी ढोकळा घेऊन बसलेल्या बाईंचं होतं. त्या इंग्रजी बोलतात." तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "दोन तास बसले तिथं. एकानं नाव विचारलं नाही. तू बी सांगितलं नाहीस."

 ईराच्या कानात हेडफोन होते आणि तिला काही ऐकू येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर तुम्ही भाजी निवडत बसला होतात. मी तुमच्यासमोर बसले, माफी मागायच्या विचारानं. पण तुम्हीच बोलायला लागलात. तुम्ही लहान असताना बाजाराच्या दिवशी डोंबाऱ्याचा खेळ यायचा, शाळेसमोरच्या मैदानात. दोरावर चालणारी बाई खेळ झाल्यावर भाकरी मागायला तुमच्या दारी यायची. तुमची आई भाकरी द्यायची, पण पायरीच्या खाली उभं करून. एकदा तुम्ही तिला नाव विचारलंत. तिनं हसून सांगितलं. "त्या नावाचं मला किती अप्रूप वाटलं होतं," तुम्ही म्हणालात, "आणि आता आठवत नाही. किती आठवलं तरी येत नाही. तिनं सांगितलं होतं गं. मीच विसरले."

मी माफी मागितली नाही. तुमच्या पुढ्यातली अर्धी गवार घेऊन मोडत बसले. तेवढ्यावर आपलं मिटलं असं मी समजले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पत्र लिहून माझ्या हातात दिलंत. ईराच्या वहीची दोन पानं, तुमचं ते फळ्यावरचं ठळक अक्षर. लुगडं कसं नेसतात, कासोटा का मारतात, बाई आपल्या भागातली असावी असं का वाटतं, सगळं मुद्देसूद. डोंबारी लोक कोण, गावोगाव कसे फिरत, लोक खेळ बघत आणि मग त्यांना दाराबाहेर उभं करत, तेही लिहिलं होतंत. स्वतःच्या आईचं पायरीचं सुद्धा. शेवटचं वाक्य होतं, "तिचं खरं नाव तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, पण खोटं लिहू नका."

मी भाषांतर केलं. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटांत. पायरी गाळली. डोंबारी गाळलं, नुसतं कलाकार लिहिलं. शेवटचं वाक्य फार उद्धट वाटेल म्हणून तेही गाळलं. तुम्ही विचारलंत, "शेवटचं घातलंस ना?" मी हो म्हणाले. मग ते पत्र पाठवलंही नाही. लॅपटॉपवर पडून राहिलं. आधी वाटलं उद्या पाठवू, मग वाटलं एवढं छोटं म्युझियम, कोण वाचणार, मग मला त्याचा विचारच नकोसा झाला.

तुम्ही दिवाळीत विचारलंत, उत्तर आलं का. मी म्हणाले, हिवाळ्यात त्यांचं बंद असतं. संक्रांतीला विचारलंत, तेच उत्तर दिलं. पाडव्याला विचारलंत. त्यानंतर तुम्ही विचारायचं बंद केलंत, आणि मी मनातल्या मनात सुटले. वय झालं, विसरल्या असतील, असं मी धरून चालले. शाळेतले सगळे पाढे आणि ईराच्या प्रत्येक मैत्रिणीचं नाव पाठ असलेली बाई!

त्याच सुमाराला ईराला लायसन्स मिळालं आणि तुम्हा दोघींचं शनिवारी देवळात जाणं सुरू झालं. मला किती बरं वाटलं होतं. सतरा वर्षांची मुलगी आपणहून आजीला देवळात घेऊन जाते. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची. एकदा तुमच्या स्नीकर्समध्ये वाळू सापडली तेव्हा मी तुम्हालाच रागावले, देवळामागच्या प्लेग्राउंडवर कशाला चालता, पडला असतात म्हणजे. तुम्ही निमूटपणे ऐकून घेतलंत. ईरा तोंड फिरवून उभी होती. मला वाटलं, मी आजीला बोलले म्हणून तिला वाईट वाटलं.

आता रविवारचं सांगते.

आदल्या दिवशी मी तुमची ती दोन पानं काढली आणि पहिल्यापासून पुन्हा भाषांतर केलं. सगळं घातलं. तीन तास लागले. रविवारी ईरा म्हणाली, मीही येते. ऑक्टोबरचं ऊन होतं, वारा गार. म्युझियम त्या आठवड्यानंतर वसंतापर्यंत बंद होणार होतं. डोना तिथेच होती, त्याच खुर्चीत. मला तिनं ओळखलं नाही. ईराला बघून मात्र उठली आणि तिला मिठी मारली. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाली, "आणि सुमन कुठाय?"

आई, या देशात तुम्हाला नुसतं सुमन म्हणणारं कुणी असेल हे मला माहीत नव्हतं.  ईरानं तिला सांगितलं. डोना खाली बसली. बराच वेळ तिनं ईराचा हात सोडला नाही.

पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं. एप्रिलमध्ये तुम्ही पहिल्यांदा ईराबरोबर आलात आणि विचारलंत, माझं पत्र मिळालं का. ती म्हणाली, कसलं पत्र? तुम्ही फोटोसमोर जाऊन उभ्या राहिलात. मग ईराला म्हणालात, चल, आता तूच सांग. ईराचं मराठी कसं आहे तुम्हाला माहीतच आहे. लुगड्याला तिनं ड्रेस म्हटलं, कासोट्याला शब्दच सापडेना. डोनाला पटेना. तिची आजी तरुणपणी त्याच पार्कात तिकिटं विकायची, तिच्या तोंडून तिनं राजकन्येच्या गोष्टी ऐकलेल्या. तिचं त्या पार्कावर प्रेम आहे, आई. तिथे कुणाशी खोटेपणा झाला हे तिला ऐकवत नव्हतं.

मग पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतःचं नऊवारी लुगडं घेऊन गेलात. म्युझियममध्ये लोकरीचा पोहण्याचा पोशाख घातलेली एक लाकडी बाहुली आहे, माणसाएवढी. तुम्ही डोनाला विचारून तिचा पोशाख उतरवलात, नीट घडी घालून बाजूला ठेवलात आणि सगळ्यांसमोर तिला लुगडं नेसवलंत. एकेक निरी दाखवत. फोटो शेजारी धरायला ईरा. बघायला पंधरावीस माणसं जमली. "मी चौथीत आहे असं वाटलं मला," डोना म्हणाली. "मध्ये बोलले तर त्या माझ्याकडे बघायच्या." तिनं फोनमधला फोटो दाखवला. तुमच्या तोंडात टाचण्या आहेत, स्नीकर्स घातलेत, एक हात बाहुलीच्या कमरेवर, आणि तुम्ही कुणाला तरी दटावताय. हा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. तुम्ही वर्गात अशा दिसत असाल.

त्या दिवशी डोनाला तिच्या आजीचं एक बोलणं आठवलं. आजी त्या बाईला काहीतरी नावानं हाक मारायची, टॅकी की टाकी असं. ती बाई आजीकडे मिरच्या मागायची म्हणे. ईरा सांगते, ते ऐकून तुम्ही एकदम उभ्या राहिलात. ठकी? ठकू? पुटपुटत फोटोजवळ गेलात. डोना म्हणाली, मग आपण हेच नाव लिहू. तुम्ही खूप वेळ फोटोकडे बघितलंत आणि नाही म्हणालात. ईराला तुमचं वाक्य पाठ आहे. "आपल्याला आवडलं म्हणून ते खरं होत नाही."

डोनाच्या कमिटीनं जूनमध्ये नवीन मजकूर लावला. मी तो वाचला, आई. पश्चिम भारतातून आणलेली, दोरावर चालणारी कलाकार, बहुधा डोंबारी समाजातली. राजकन्या ही पार्कची जाहिरात होती. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात, ही माहिती सुमन शेवाळे, शिवणशिक्षिका, फलटण यांनी दिली.

मी माझं पत्र पर्समधून काढलं. आता त्याची काही गरज नव्हती. तरी डोनाच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं दोन्ही पानं वाचली, पायरीशी थांबली, पुन्हा वाचली. मग एका फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाली, हे इथेच राहील.

गाडीत बसल्यावर मी ईराला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"आजी सेड नॉट टू."

"का पण?"

ती विचार करून मराठीत बोलायला लागली, शब्द शोधत. "आजी म्हणाली, मॉमला आपण केलं असं सांगितलं तर ती येणार नाही. तिला स्वतः येऊ दे. ती पत्र घेऊन येईल."

"असं कधी म्हणाली?"

"एव्हरी टाइम, मॉम. परत येताना. इथेच, पार्किंगमध्ये."

 म्हणजे एप्रिलपासून तुम्हाला माहीत होतं की मी खोटं बोलले. पाच महिने. त्या पाच महिन्यांत रोज सकाळी तुम्ही माझा डबा भरलात, माझ्या केसांना तेल लावलंत, माझी मीटिंग लांबली की चहा आणून टेबलावर ठेवून गेलात. मी एकदा आजारी पडले तेव्हा तीन दिवस माझ्या उशाशी बसलात. आठवून आठवून बघितलं, एकदा तरी तुमचा आवाज बदलला होता का, एखादा शब्द वाकडा आला होता का. नाही आला.

वाद आपला अर्धाच राहिला. लाज कशाची वाटते, हे तुम्ही मला गाडीत विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते देते. मला तुमची लाज वाटत होती, आई. तुमच्या मोज्यांची, तुमच्या मोठ्यानं बोलण्याची, तुम्ही कुणालाही काहीही विचारता याची. या देशात कुणाच्या नजरेत न येता राहायला मी वीस वर्षं घालवली होती, आणि तुम्ही त्या भिंतीसमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होतात. माफी मागायची ती याची. पत्राची त्यानंतर.

तुम्ही मी येईन असं धरून चालला होतात. मी आले. तुम्ही असताना यायचं ते नसताना आले. पण पूर्ण पत्र घेऊन आले, शेवटचं वाक्य घालून.

तुमची,
मेधा